शाळेच्या पटाबाहेरची मुले



साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी भरलेल्या या शिक्षण परिषदेत स्वागतसमितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. समाजात सर्वांना स्थान कसे मिळावे आणि असा समाज चिरकाल कसा टिकावा, या प्रश्नाचा विचार करण्यास आपण जमला आहात; आणि त्या प्रश्नाचा बराच इतिहास याच नगरीत घडला असल्यामुळे, स्वागताचा उपचार आटोपता घेऊन त्याकडे वळण्याची अनुज्ञा मी मागतो.

७ नोव्हेंबर १९०० रोजी येथील सरकारी शाळेच्या दप्तरी बाल भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. नाव पटावर चढले. परंतु अस्पृश्य मानल्यामुळे वर्गात त्यांची बैठक निराळी राहिली, आणि तहान लागली तरी पाण्याला हात लावण्याची मुभा त्यांना नव्हती. याउलट, याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी जे वसतिगृह उभारले, आणि ज्याला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले, तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राबत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला जेवत; आणि त्या पंगतीत कोणी उपाशी राहू नये म्हणून लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडले. रयतेच्या घामावर सरकारी खजिना भरतो आणि विद्येवरील खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या पदरी पडतो, ही जी तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती, तिला कर्मवीरांनी दिलेले उत्तर म्हणजे ‘कमवा आणि शिका’ ही योजना होय. तिच्यामुळे गरिबाची फी भागली, हे तर खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की शिकलेल्या माणसाचा मातीशी आणि श्रमाशी असलेला संबंध तिने तुटू दिला नाही, आणि तो संबंध तुटलेला समाज फार काळ तग धरत नाही, असे माझे निश्चित मत आहे.

हा वारसा सांगताना मला संकोच वाटतो, तो आमच्या उसाच्या फडांमुळे. दरवर्षी बीडसारख्या दुष्काळी मुलुखातून मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली कुटुंबे या भागातील साखर कारखान्यांवर ऊसतोडीला येतात. मजुरीसाठी पतिपत्नींचा मिळून एक कोयता धरला जातो. पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते, आणि जरा जाणती झालेली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळत कोपीत राहते. तिचे नाव तिच्या गावच्या पटावर असते, ती मात्र सहा महिने इथे असते; आणि हंगाम संपवून ती परत जाते तेव्हा वर्ष सरत आलेले असते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे झाली, आणि त्यांत ज्या शिक्षकांनी तळमळीने काम केले त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. तथापि बापाच्या हातचा कोयता अजूनही मुलाच्या हाती जातो; आणि जोवर तो जातो आहे, तोवर या जिल्ह्याच्या समृद्धीला टिकाऊ म्हणण्यास माझी जीभ धजत नाही.

परिषदेत ठराव पुष्कळ होतील, ते व्हावेतच. पण दसरा-दिवाळी झाली की गाळप सुरू होईल. आपल्यापैकी कारखान्यांचे संचालक, पंचायतींचे पदाधिकारी आणि मुख्याध्यापक जे कोणी येथे असतील, त्यांनी येणाऱ्या टोळ्यांतील मुलांची यादी मुकादमांकडून आधीच मागवावी आणि टोळी उतरेल त्याच आठवड्यात ती मुले जवळच्या शाळेत बसतील, अशी तजवीज करावी. दाखला हाती नाही एवढ्या कारणावरून त्यांना अडविण्यास कायद्याने मनाई आहे. स्वागतसमितीच्या वतीने एवढीच मागणी मी आपणापुढे ठेवतो, आणि परिषदेचे कामकाज सुरू करण्याची अध्यक्षमहोदयांस विनंती करतो.