बांधावरचा तरवड



सोलापूर-धुळे रस्त्याने येरमाळ्याकडे येताना बालाघाटचे माळ लागतात. वर वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक. पावसाळा सरला की गवत वाळते आणि माळ ओकाबोका दिसू लागतो. अशा वेळी बांधाच्या कडेला एक झुडूप मात्र हिरवेगार उभे असते आणि त्याच्या शेंड्यांवर पिवळ्याधमक फुलांचे झुबके असतात. हा तरवड. तो आपण सर्वांनी पाहिलेला आहे. आज त्याच्याकडे जरा नीट पाहावे आणि जमल्यास तो लावावा, एवढेच मला सांगायचे आहे.

‘तरवड काय लावायचा असतो? तो आपोआप येतो!’ असे कोणी म्हणेल. येत होता, हे खरे. पण आता बांध यंत्राने कोरले जातात, रस्ते रुंद होतात, माळ नांगराखाली जातात. नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढवण्याची रीत आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. जिथे बांधच उरला नाही, तिथे ही फुले आणायची कुठून? १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात आपल्यासोबत असलेल्या तेलंगणात याच दिवसांत बतुकम्माच्या सणाला हेच फूल रचतात. तिथे त्याला ‘तंगेडु’ म्हणतात, आणि तेलंगणाने त्याला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. आपण मात्र त्याला खुरटे झुडूप समजून उपटतो.

आता ओळख. पिवळ्या फुलांची त्याची भावंडे बरीच आहेत. टाकळा पावसाळी असतो. त्याच्या पानाला पर्णिकांच्या तीनच जोड्या असतात आणि पाऊस संपला की तो वाळून जातो. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार असतात आणि चुरगाळल्या की उग्र वास येतो. बहावा तर वृक्षच. त्याचे घोस खाली लोंबतात. तरवड कमरेएवढा, फार तर पुरुषभर उंच वाढतो. त्याच्या एका पानात पर्णिकांच्या साधारण ८ ते १२ जोड्या असतात. शेंग चपटी, कागदासारखी पातळ. आणि सर्वांत पक्की खूण सांगतो : पानाच्या देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन रुंद उपपर्णे असतात. लिनियसने १७५३ साली याला ‘ऑरिक्युलाटा’, म्हणजे ‘कानवाला’, हे नाव दिले ते त्यावरूनच. फुले नसतानाही हा कान पाहून तरवड ओळखता येतो.

याच्या फुलात मध नसतो. पराग पुंकेसरांच्या टोकाशी बारीक छिद्राआड कोंडलेले असतात. मोठा काळा भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा ते बाहेर उडतात. तो गुणगुणाट म्हणजे नुसते गाणे नव्हे बरं का, ते त्याचे काम आहे!

तरवडाच्या सालीत टॅनिन भरपूर असते. कातडी कमावणारे कारागीर चुन्याने केस काढून झाले की ही साल वापरीत. पाल्यातही हा तुरटपणा असतो, म्हणून गुरे-शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत. लावलेल्या रोपाला कुंपण लागत नाही, हा केवढा फायदा! येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत भाविक चुन्याचे खडे वेचतात, तसली चुनखडीची जमीनही त्याला चालते. चालत नाही ते फक्त साचलेले पाणी.

लावण्याची रीत सोपी आहे. हिवाळ्यात शेंगा वाळून तपकिरी झाल्या की बी काढून ठेवा. बियांचे कवच फार कठीण असते. म्हणून पेरण्याच्या आदल्या रात्री त्यांवर कढत पाणी ओता आणि तशाच भिजू द्या. सकाळी फुगलेल्या बिया घ्या. मृगाचा पाऊस होऊन जमीन ओली झाली की बांधावर हात-दीड हाताच्या अंतराने दोन-दोन बिया बोटाच्या एका पेराएवढ्या खोल टोका. जागेवरच पेरलेले बरे, कारण सोटमूळ लवकर खाली जाते आणि रोप हलवताना ते दुखावते. पहिल्या वर्षी पावसाने फार ओढ दिली, तर आठवड्याला तांब्याभर पाणी घाला. पुढे काही करावे लागत नाही. फुले नव्या फुटव्याच्या शेंड्यावर येतात, म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस थोडी छाटणी केली की झुडूप दाट होते. छाटलेला पाला शेतात गाडावा. त्याचे हिरवळीचे खत होते.

फुलांचा काढा मधुमेहावर घेतात, असे तुम्ही ऐकले असेल. पण त्याच्या भरवशावर डॉक्टरांचे औषध मात्र सोडू नका.

दर पावसाळ्यात आपण हौसेने रोपे लावतो आणि चैत्र-वैशाखात त्यांच्या वाळक्या काड्या मोजतो. बाहेरची नाजूक झाडे जगवण्यासाठी टँकरचे पाणी घालायचे आणि इथल्या मुरमात पिढ्यान्‌पिढ्या तगलेले झुडूप उपटून टाकायचे, हा कसला हिशेब? बांध साफ करताना निदान चार तरवड राखा. आणि ज्यांच्या बांधावर ते उरले नसतील, त्यांनी यंदाच्या हिवाळ्यात शेजाऱ्याकडून ओंजळभर शेंगा मागून घ्याव्यात.