बाप्पांची जीप आणि तिसरा लिव्हर
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर एरवी विद्वान मंडळी बोलतात. आम्ही पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा घेतलेले सरकारी उपयंत्री. नाले, बंधारे आणि मोजमाप पुस्तिका यांच्या पलीकडे आमची फारशी विद्वत्ता नाही. पण कार्यवाह काकांनी फर्मावले की, "तुमच्या जीपवर बोला." त्यांचा शब्द मोडणे शक्य नव्हते, म्हणून उभे आहोत.

ही जीप तुम्हां सर्वांच्या ओळखीची आहे. दरवर्षी अनंत चतुर्दशीला आपल्या मंडळाचे बाप्पा तिच्यातूनच निघतात. त्या रात्री सगळे इंदूर मिलच्या झांक्या पाहायला रस्त्यावर असते आणि आपली छोटी मिरवणूक दुपारीच गल्लीबोळांतून वाट काढते. ढोलताशांच्या मागे माणसाच्या चालीने दोन-तीन तास गाडी चालवायची म्हटली की आजच्या गाड्यांचा क्लच जळल्याचा वास येऊ लागतो. आपली जीप मात्र डुलत डुलत चालते. याचे रहस्य पुढे सांगतो.

आधी तिचे कूळ सांगायला हवे. १९४० मध्ये अमेरिकेच्या लष्कराला हलकी आणि चारही चाकांना जोर मिळेल अशी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम नावाच्या लहानशा कंपनीने बनवला, पण मोठ्या संख्येने गाड्या तयार केल्या त्या विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी. दुसऱ्या महायुद्धात अशा सहा लाखांवर गाड्या बनल्या. इकडे १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी पोलादाच्या व्यापारासाठी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. विलिसच्या जीपचे सुटे भाग आणून त्यांची जुळणी मुंबईत सुरू झाली आणि हळूहळू जीप इथलीच झाली.

आमची जीप १९६८ची, मॉडेल सीजे-३बी. बॉनेट उंच असलेली. त्या उंचीचे कारण साधे आहे. जुन्या इंजिनाच्या जागी 'हरिकेन' नावाचे नवे इंजिन बसवले आणि ते उंचीने जास्त होते. मग बॉनेट वर उचलले. दिसायला जरा बोजड झाली, पण काम भागले. आम्हां ओव्हरसियर लोकांना असले उपाय फार आवडतात! स्टीअरिंग डावीकडे, म्हणून मागे 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असे रंगवलेले आहे. ती अक्षरे अजूनही दर दिवाळीला बाबाच रंगवतात.

ही मुळात खात्याची गाडी. आमचे बाबा सिंचाई खात्यात होते. बंधाऱ्यांच्या सर्वेक्षणाला ते याच गाडीतून हिंडले. पुढे गाडी कंडम ठरली, लिलावात निघाली आणि बाबांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून ती घेतली. आई आठ दिवस बोलली नव्हती. आज गंमत वाटते ती याची की, १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणीच पुढे चालत नाही. खात्यात राहिली असती तर तिचे केव्हाच भंगार झाले असते. खासगी असल्यामुळे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण होते.

पण खरे सांगायचे तर मागच्या वर्षी आम्ही ती विकायला काढली होती. लिटरला आठ-नऊ किलोमीटर चालते, सुटे भाग शोधत हिंडावे लागते, अंगणातली निम्मी जागा अडते. कन्या शिक्षणासाठी बाहेर जाणार होती, तिची फी भरायची होती. एक शौकीन गिऱ्हाईक आले आणि किंमतही बरी सांगून गेले. बाबांना विचारले, तर म्हणाले, "वीक. फक्त एकदा मला त्या बंधाऱ्यापर्यंत नेऊन आण."

तो बंधारा म्हणजे त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीचे काम. महूच्या पलीकडे, विंध्याच्या कड्याजवळच्या एका दरीत. रस्ता नाही. गाडीवाट जिथे संपते तिथून तीन किलोमीटर चालावे लागते आणि बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. म्हणजे त्यांना तिथे नेणारे वाहन जगात एकच, आणि तेच आम्ही विकायला निघालो होतो.

ऑगस्टमधला एक शनिवार-रविवार ठरवला. सकाळी पोहे-जिलबी खाऊन आम्ही सहाही जण निघालो: आई-बाबा, आम्ही, सौ., कन्या आणि चिरंजीव. राऊ, महू, मग जानापावच्या पायथ्याच्या कच्च्या वाटा. जानापाव हे चंबळेचे उगमस्थान. बाबांनी नातवंडांना तिथे उभे करून सांगितले, "इकडे पडलेला थेंब चंबळेतून यमुनेला, गंगेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जातो. तिकडे कड्याखाली पडलेला नर्मदेतून अरबी समुद्राला." सहलीतला हा धडा कोणत्याही शाळेपेक्षा बरा झाला.

पहिल्या दिवशी फजिती आमचीच झाली. मालव्याची काळी माती तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात दगड, पावसाळ्यात गुळाचा पाक. चाकाच्या खाचा भरल्या की टायर गुळगुळीत होतो. आम्ही ऐटीत चिखलात शिरलो आणि रुतल्यावर चारही चाकांचा लिव्हर ओढला. बाबा मागून म्हणाले, "अरे, छत्री भिजल्यावर उघडतात का?" नियम असा की, चिखल समोर दिसला की आधीच चारही चाके जोडायची. रुतल्यावर जोडली तर गाडी आणखी खोल जाते. शेवटी एका शेतकरी दादांनी ट्रॅक्टरने ओढले. पैसे घेतले नाहीत, जीपमध्ये बसून फोटो मात्र काढून घेतला.

आता ते रहस्य. या गाडीत गिअरच्या लिव्हरशिवाय आणखी दोन लिव्हर असतात. एकाने पुढच्या चाकांना जोर मिळतो. दुसऱ्याने, म्हणजे घरात ज्याला आम्ही 'तिसरा लिव्हर' म्हणतो त्याने, गाडी 'लो'मध्ये जाते. इंजिनाचे फेरे तेवढेच, पण चाके जवळजवळ अडीचपट सावकाश फिरतात आणि जोर त्याच प्रमाणात वाढतो. चढावर दम येतो, उतारावर ब्रेकला हात न लावता गाडी आवरते आणि मिरवणुकीत क्लच न जाळता माणसाच्या चालीने चालते. तिसरा लिव्हर म्हणजे सावकाशीचा लिव्हर. मात्र डांबरी रस्त्यावर चारही चाके जोडून फिरू नये. वळताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत, जोडणीवर ताण येतो आणि लिव्हर अडकून बसतो.

रात्री महूला आत्याकडे मुक्काम केला. रविवारी सकाळी जाम गेट पाहिले. अहिल्यादेवींच्या काळात, १७९१ मध्ये, महेश्वरच्या वाटेवर उभारलेला हा दरवाजा. तिथून खाली पसरलेला निमाड पाहताना आईने हात जोडले. होळकरांच्या पाठोपाठ आपल्यापैकी कितीतरी घराणी या मुलखात आली आणि इथलीच झाली.

तिथून आम्ही दरीच्या वाटेला लागलो. लो गिअरमध्ये दगडांवरून डोलत डोलत दोन किलोमीटर उतरलो. आई एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने थालीपिठांचा डबा धरून होती. आणि मग नाला आडवा आला. पलीकडे जेमतेम एक किलोमीटरवर बंधारा. झाडांतून त्याची भिंत दिसत होती.

आम्ही काठी घेऊन पाण्यात उतरलो. गुडघ्याच्या खाली पाणी, तळ दगडी, प्रवाह बेताचा. बाबांनीच शिकवलेली जुनी युक्ती होती: पंख्याचा पट्टा काढून ठेवायचा, म्हणजे पाणी इंजिनावर उडत नाही आणि गाडी बंद पडत नाही. चिरंजीव पाना घेऊन तयारच होते. जीप सहज पार झाली असती. मनात एकच होते की बाबांना तिथे पोहोचवायचे. पुन्हा हा योग येणार नव्हता, कारण पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक बयाणा घेऊन येणार होते.

बाबा पाण्याकडे पाहत होते. म्हणाले, "पाण्याचा रंग बघ."

पाणी मघाशी नितळ होते, आता तांबूस दिसत होते. त्यावर हिरवी पाने, काटक्या वाहून येऊ लागल्या होत्या. आमच्या डोक्यावर ऊन होते, पण जानापावच्या बाजूला आभाळ काळे झाले होते. बाबा म्हणाले, "गाडी पलीकडे जाईल रे. पण परत कोण आणेल?"

आम्ही म्हटले, "बाबा, दहा मिनिटांचे काम आहे. भिंत तर दिसतेय."

ते म्हणाले, "मला दिसली. झाले माझे दर्शन. फिरव गाडी."

श्रोतेहो, प्रत्येक रपट्यावर 'पुलावर पाणी असताना पूल पार करू नये' अशी पाटी असते. त्या पाट्या रंगवून घेणारे हात आमच्यासारख्यांचेच. तरीही त्या क्षणी आमचा हात पुढच्या गिअरवर होता, हे आज तुमच्यासमोर कबूल करतो. सौ. काही बोलली नाही. तिने फक्त दोन्ही मुलांना गाडीतून खाली उतरवले. मग आम्हीही मुकाट्याने गाडी मागे घेतली.

काठावर, उंचावर बसून थालीपिठे खाल्ली. अर्धा तासही झाला नसेल, नाल्यातून लाकडाचा एक मोठा ओंडका गेला. जिथे आम्ही काठी टेकवली होती तिथे कमरेच्या वर पाणी होते. कोणी काही बोलले नाही. २०११च्या जुलैमधला पाताळपाणीचा प्रसंग आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. सहलीला गेलेले एक कुटुंब खडकावर उभे होते आणि बघता बघता पाणी आले. त्यांनाही ते आधी बेताचेच दिसले असणार. फूटभर वाहते पाणी लहान गाडीला हलवते, दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना उचलते. चारही चाकांना जोर असला तरी चाक जमिनीला टेकलेले असेल तोवरच त्याचा उपयोग.

परतीच्या वाटेवर कन्या म्हणाली, "आजोबा, डिसेंबरात नाला कोरडा असेल ना?" पुढे बसलेली सौ., जी गाडी विकायच्या बाजूची सर्वांत पक्की मतदार होती, वळून म्हणाली, "मग डिसेंबरपर्यंत कशाला विकायची?" गिऱ्हाइकाला आम्ही नम्रपणे नकार कळवला. फीसाठी सोसायटीतून कर्ज काढले, ते अजून फेडतो आहोत.

डिसेंबरात कन्या सुट्टीला आली तेव्हा पुन्हा गेलो. नाल्यात नुसते गोटे होते. गाडी कन्येने चालवली. पहिला गिअर टाकताना लागणारी दोनदा क्लच दाबण्याची कला तिने आजोबांकडून शिकून घेतली होती, आम्हाला अजून ती धड जमत नाही. बंधाऱ्यापाशी बाबा उतरले, हळूहळू भिंतीवर गेले. निम्मा बंधारा गाळाने भरलेला आहे. पण उरलेल्या निम्म्यात पाणी होते आणि खाली दोन्ही बाजूंना गहू हिरवागार उभा होता. बाबांनी भिंतीवर हात ठेवला, एका भेगेत बोट घालून पाहिले आणि आम्हाला म्हणाले, "गाळ काढायचा प्रस्ताव पाठव." सरकारी माणूस निवृत्त होतो, खाते सुटत नाही.

तरुण मंडळींना दोनच गोष्टी सांगतो. आजकाल मोठमोठ्या फोर-व्हील गाड्या आल्या आहेत आणि पावसाळ्यात चोरल, पाताळपाणीच्या बाजूला हौशी लोकांची गर्दी असते. जरूर जा. पण शेतातून, जंगलाच्या हद्दीतून, ओढ्याच्या पात्रातून चाके फिरवणे म्हणजे मर्दुमकी नव्हे. ते दुसऱ्याच्या घरात चपला घालून शिरणे आहे. दुसरे असे की एकटी गाडी नेऊ नका. दोर बरोबर ठेवा आणि ओढताना ताणलेल्या दोराजवळ कोणाला उभे राहू देऊ नका. पाणी आधी पायी तपासा आणि शंका आली की परत फिरा. पाण्यातून बाहेर आल्यावर थोडे अंतर ब्रेक हलके दाबत चला, म्हणजे ते वाळतील. आणि गाडीत एक तरी म्हातारे माणूस असू द्या. सगळ्यांत चांगला ब्रेक तोच.

जीपच्या नोंदणीचे नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे. तपासणीला आपण स्वतः घेऊन जाणार, असे कन्येने जाहीर केले आहे. तेव्हा कार्यवाह काका, काळजी नसावी. यंदाच्या अनंत चतुर्दशीला बाप्पा जीपमधूनच निघतील, तिसऱ्या लिव्हरवर, सावकाश. बाबा इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. भाषण लांबले की ते चष्मा पुसू लागतात आणि आता त्यांनी चष्मा काढला आहे. म्हणून इथेच थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!