कमरेचं पिस्तूल आणि आमचे फराळाचे पैसे

माजिवड्याहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

गेल्या दिवाळीत आम्ही एका ऑफिसला फराळ दिला. चकली, शेव, करंज्या, सगळं मिळून 14,600 रुपयांचा. पाच हजार आगाऊ मिळाले होते. बाकीचे मागायला आम्ही दोघी गेलो. शेठ खुर्चीत बसलेले, शर्ट वर सरकलेला आणि कमरेला पिस्तूल. वाईट काही बोलले नाहीत. "बसा ताई," म्हणाले, चहा मागवला. आम्ही चहा प्यायलो आणि पैशांचं नाव न काढता परत आलो!

घरी सांगितलं तर पुरुषमाणसं म्हणाली, "मोठा माणूस दिसतोय." गटाच्या बैठकीत मात्र वाद झाला. एक काकू म्हणाल्या, "बँकेच्या दारातला रखवालदार बंदूक घेऊन उभा असतो, त्याला भिता का गं?" नाही भीत. तो गणवेशात असतो, बंदूक कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक असतं. आणि त्याच्याकडे आपले पैसे अडकलेले नसतात.

"परवाना असेल शेठकडे, मग आपण कोण विचारणार?" असंही निघालं. म्हणून माहिती काढली. परवाना असला तरी 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल कव्हरमध्ये, पूर्ण झाकलेलं हवं. मिरवायचं नाही. ऑफिस ही सार्वजनिक जागा का, असा फाटा काकूंनी फोडलाच. पण तिथे गिऱ्हाइकं, कामगार, आमच्यासारख्या बायका येतात-जातात ना?

हातात असलं की कधी वापरलं जाईल सांगता येत नाही. 2 फेब्रुवारी 2024 ला आपल्या उल्हासनगरात हिललाइन पोलीस ठाण्याच्या आतच गोळीबार झाला. महेश गायकवाड जखमी झाले, आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. मूळ वाद जमिनीचा. सहाच दिवसांनी दहिसरला एका ऑफिसात, फेसबुक लाइव्ह चालू असताना अभिषेक घोसाळकरांना गोळ्या घातल्या. ते पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाचं होतं, असं पोलिसांनी सांगितलं.

अमेरिकेत तर बऱ्याच राज्यांत उघडी बंदूक लावून दुकानात जाता येतं. तिथेही 2019 मध्ये टेक्ससमधल्या वॉलमार्टच्या दुकानात गोळीबारात वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा वॉलमार्टने गिऱ्हाइकांना विनंती केली, बंदूक दिसेल अशी घेऊन येऊ नका. म्हणजे जिथे कायद्याची आडकाठी नाही, तिथेही दुकानदाराला सांगावंसं वाटलं.

मग आम्ही पुन्हा गेलो. या वेळी चौघी, बिलाची वही घेऊन. काकूंनी बसायच्या आधीच म्हटलं, "शेठ, ते आधी झाकून घ्या, मग हिशेब बोलू." आमच्या पोटात गोळा! शेठ जरा हसले, शर्ट खाली ओढला. सहा हजार तिथल्या तिथे दिले.

3,600 अजून बाकी आहेत. येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत, काकूंना घेऊनच.