परतलेल्या कामगाराची परिविक्षा



दिवाळीच्या सुमारास कृष्णाकाठचे बॉयलर पेटतात, गव्हाणीत मोळी पडते आणि रेठऱ्यापासून साखराळ्यापर्यंत साखर कारखान्यांच्या फाटकांशी कामगार पुन्हा उभे राहतात. ‘कायम हंगामी’ कामगाराची जागा राखलेली असते. प्रश्न आहे तो कपातीत घरी गेलेल्या आणि गरज पडताच त्याच मालकाने परत बोलावलेल्या माणसाचा. दहा हंगाम ज्याने पॅनवर साखर शिजवली, त्याच्या हाती परिविक्षाधीन म्हणून नवे नेमणूकपत्र ठेवावयाचे, हे कोणत्या न्यायाने?

परिविक्षेला, म्हणजे फाटकावरच्या भाषेत प्रोबेशनला, एक अर्थशास्त्रीय समर्थन आहे. नवा माणूस कामाला कसा, हे मालकास ठाऊक नसते. ते अज्ञान दूर होण्यास काही काळ लागतो. परंतु परतलेल्या कामगाराचे हजेरीपुस्तक तर मालकाच्याच कपाटात असते! तेथे परिविक्षेतून माहिती मिळत नाही. मिळते ती पुन्हा काढून टाकण्याची सोय, आणि जुनी ज्येष्ठता पुसली जाते ती वेगळीच. काम खरोखर निराळे असेल, साखरेकडचा माणूस आसवनीत घेतला असेल, तर थोडी परीक्षा समजू शकते. त्याच कामासाठी मात्र नाही.

औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली घातलेल्या २५-ह कलमाने कपात झालेल्यास फेरनेमणुकीत अग्रहक्क दिला. वर्षभराची सेवा न भरलेल्यासही तो आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले. पण परत घ्यावयाचे ते कोणत्या शर्तींवर, याविषयी कलम मौनच राहिले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तर या अग्रहक्काला कपातीपासून एका वर्षाची मर्यादा घातली. जुन्या कायद्यात ती नव्हती.

हंगामी धंद्यात दिवस मोजण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत हंगामी आस्थापनेतील तात्पुरत्या कामगारास कायम होण्यासाठी बारा महिन्यांत १९० दिवस भरण्याची अट होती. गाळप शंभर-सव्वाशे दिवसांत आटोपले, तर त्याने ते भरावेत कोठून? उलट १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने कारखाना जितके दिवस चालला त्याच्या पंचाहत्तर टक्के दिवसांचे काम सलग सेवेसाठी पुरेसे मानले. माप असे असावे. ऊस कमी पडला, हा कामगाराचा दोष नव्हे.

साखर कामगारांचे वेतन आणि सेवाशर्ती राज्य पातळीवरच्या त्रिपक्षीय समितीत ठरत आल्या आहेत. वेतनवाढीच्या आकड्यावर तेथे रात्री जागवल्या जातात. फेरनेमणुकीच्या शर्तीकडे सहसा कोणी वळत नाही. पुढील मागणीपत्रात दोन ओळी पुरतील: त्याच कामावर परतलेल्यास परिविक्षा नाही, आणि त्याची पूर्वीची सेवा ज्येष्ठतेत धरली जाईल.