कोयत्यामागचे हात

दिवाळी सरली, की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं निघतात. गाडीत बसणारी माणसं कामाला कुठंच कमी नाहीत. पहाटेच्या गारठ्यात फडात उतरून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. तरी ती पुढं का सरकत नाहीत?

हंगामाआधीच मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत दुसरं काम धरायची मोकळीक नाही. बाकी राहिली तर पुढच्या साली पुन्हा फडच. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणून बाईची मेहनत वेगळी मोजलीच जात नाही. आजारपणातही खाडा झाला, तर दंड.

मला सगळ्यात जास्त सलतं ते पोरांचं. आई-बापासोबत जावं लागतं, म्हणून हुशार लेकरांची शाळा ऐन मधल्या सत्रात सुटते. त्यांच्यासाठी राज्यानं २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. तिथं एक खाट मिळाली, तर एखादी पोर वार्षिक परीक्षेला आपल्याच वर्गात बसेल.