कार्ड कुणाच्या नावाचं, खर्च कुणाच्या अंगावर?

(वाशीम जिल्ह्यातल्या स्त्री-गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



1 जुलै 2024 पासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मोफत मिळतील, असं सरकारने ठरवलं. रेशनकार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं. तेव्हा यादीत 1356 उपचार होते. ही मोठी गोष्ट आहे आणि ती मोठीच म्हणायला हवी. कर्करोगासाठी जमीन गहाण टाकलेली घरं आपल्या प्रत्येकीच्या गावात आहेत.

पण इथवर यायला किती वर्षं लागली तेही बघा. 1997 ची जीवनदायी योजना दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी आणि मोजक्या मोठ्या आजारांसाठी होती. 2008 मध्ये केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. तीस रुपयांत नोंदणी, तीस हजारांपर्यंत विमा आणि कुटुंबातली फक्त पाच माणसं. घरात सात माणसं असली तर कोणती दोन वगळली जात असतील, हे तुम्हाला सांगायला नको. मग 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचा अमरावती त्यात होता, वाशीम नव्हता. आपल्याकडे ती नोव्हेंबर 2013 मध्ये आली. 2017 मध्ये तिला महात्मा जोतीराव फुल्यांचं नाव मिळालं, 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली आणि 2020 पासून दोन्ही एकत्र चालू लागल्या. आयुष्मानमध्ये पाच माणसांची अट काढली, हे फार बरं झालं.

वाशीमची एक खास गोष्ट होती. शेतकरी आत्महत्यांमुळे चौदा जिल्हे निवडले, तिथे पांढरं कार्ड असलेल्या शेतकरी कुटुंबालाही योजना मिळत असे. त्यासाठी सातबारा नाहीतर तलाठ्याचा दाखला लागे. ज्या घरातला माणूस आत्महत्या करून गेला, त्याच्या बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढायलाच वर्षं जात. दीर-सासरे वारस नोंदीला आडवे येत. ज्या बायांच्या दुःखाकडे बोट दाखवून आपला जिल्हा निवडला, त्यांनाच कागद दाखवता येत नव्हता. आता ती अट राहिली नाही, पण कुटुंब म्हणजे रेशनकार्ड हा हिशेब तसाच आहे.

नव्वदीच्या दशकात परित्यक्तांच्या चळवळीने वेगळ्या रेशनकार्डाची मागणी लावून धरली होती. तेव्हा काहीजण म्हणायचे, दोन किलो साखरेसाठी कशाला भांडता? आज त्याच कार्डावर 5 लाखांचा उपचार अवलंबून आहे. मंगरूळपीर तालुक्यातली एक बाई मला भेटली. नवऱ्याने टाकून नऊ वर्षं झाली, भावाकडे राहते, मजुरीला जाते. नाव अजून नवऱ्याच्याच कार्डावर. भावाच्या कार्डात घाला म्हटलं तर आधी तिकडून नाव कमी केल्याचा दाखला आणा, म्हणतात. तो आणायला त्याच दारात जायचं! लग्न झालेल्या पोरींचंही असंच. माहेरच्या कार्डातून नाव लगेच कमी होतं, सासरच्या कार्डात चढायला कधी मूल होईपर्यंत थांबावं लागतं. मधल्या काळात ती कुठल्या कुटुंबातली?

आणि हे जमत नाही असंही नाही. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं. त्याला उत्पन्न विचारत नाहीत, आधारवरचं वय बघतात. (आपल्या म्हाताऱ्यांचं आधारवरचं वय किती खरं, हा वेगळा विषय. निम्म्या जणींचा वाढदिवस 1 जानेवारीला असतो.) सत्तरीच्या बाईला स्वतःच्या नावावर कार्ड देता येतं, तर तिशीच्या परित्यक्तेला का नाही?

आता खर्चाकडे येऊ. त्याच मंगरूळपीरच्या बाईला छातीत गाठ लागली. गाठ दुखत नव्हती, म्हणून तिने सोंगणी होईपर्यंत अंगावर काढलं. मग एका मोठ्या खासगी दवाखान्यात गेली. तिथे सांगितलं, कर्करोग निघाला तर ऑपरेशन योजनेत बसेल. पण तो आहे की नाही हे कळेपर्यंतचं सगळं, म्हणजे तपासणी, सोनोग्राफी, गाठीचा तुकडा तपासायला पाठवणं, तिने रोख भरलं. भावाच्या दोन क्विंटल सोयाबीनचे पैसे त्यात गेले. भरती झाल्यावर औषधं, जेवण, तपासण्या मोफत असतात, सुट्टीनंतर दहा दिवसांचं औषध मिळतं, घरी परतायचं एसटीचं भाडंही मिळतं. पण जाण्याचं भाडं नाही, बुडालेली मजुरी नाही आणि सोबत गेलेल्या बहिणीची मजुरी तर कुणाच्याच हिशेबात नाही.

बायकांची बहुतेक दुखणी खाटेवर पडून होत नाहीत. रक्त कमी असणं, अंगावरून पांढरं जाणं, कंबर, बीपी, साखर, थायरॉईड. ही रोजच्या गोळीची दुखणी आहेत आणि ही योजना रोजची गोळी देत नाही. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला, असा सरकारी हिशेब आहे. खाली आला हे चांगलंच. पण जो उरला त्यातला मोठा भाग औषधांचा आणि भरती न होता घेतलेल्या उपचारांचा आहे. आणि भरती झाल्यावरही सगळं मोफत होतंच असं नाही. छत्तीसगडमध्ये घरोघर पाहणी करून 2020 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आयुष्मानमध्ये नाव असल्याने रुग्णालयात भरती झाल्यावरचा खिशातला खर्च कमी झाला, असं त्यात दिसलं नाही.

विमा ऑपरेशनचे पैसे देतो, म्हणून ऑपरेशनं वाढतात, ही भीतीही खोटी नाही. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या काळात बिहारमध्ये गरज नसताना पिशव्या काढल्याची प्रकरणं 2012 मध्ये बाहेर आली. बीडमध्ये तर विम्याचीही गरज पडली नाही. 2019 मध्ये ऊसतोड करणाऱ्या 82 हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या बायकांनी उचल घेऊन पैसे भरले होते. गोळ्या-औषधाने बरं होणारं दुखणं कुणी वेळेत बघितलं असतं, तर त्यातल्या कितीतरी जणींवर ही वेळ आली नसती.

म्हणून मला वाटतं, आपला जोर सरकारी दवाखान्यावर हवा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपर, तपासणी, औषध सगळं मोफत आहे. बायांच्या उपयोगाचा खरा निर्णय हा आहे, पण त्याच्या जाहिराती कमी दिसतात. औषध संपलं म्हणून बाहेरची चिठ्ठी दिली की तो निर्णय तिथेच संपतो. वाशीमला 2024 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याचा उपयोग अकोल्याची ऐंशी किलोमीटरची फेरी वाचण्यात व्हायला हवा. अर्ध्या तिकिटाची का होईना, ती फेरी मजुरी बुडवून करावी लागते.

आज एवढं काम वाटून घेऊ. रिसोड, मालेगाव, मानोरा, कारंजा, मंगरूळपीर आणि वाशीम, सहाही तालुक्यांतल्या बैठकांत प्रत्येकीने रेशनकार्ड घेऊन यायचं आणि स्वतःचं नाव कुठल्या कार्डावर आहे ते बघायचं. कुठेच नसेल तर अधिवासाच्या दाखल्यावर काय होतं ते तहसील कार्यालयात विचारायचं आणि उत्तर लेखी मागायचं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, आधी त्याला गाठायचं. भरती असताना पैसे मागितले तर पावती घ्यायची, पावती देत नसतील तर तारीख आणि रक्कम लिहून ठेवायची आणि 155388 वर तक्रार करायची. सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या बाहेरच्या चिठ्ठ्या फेकू नका. तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या एकत्र करून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाऊ. आशाताईंना सोबत घ्या, कोणती औषधं संपतात ते त्यांना सगळ्यांत आधी कळतं.