वायर कुणाच्या हातात?

(पाटण येथे प्राथमिक शिक्षिका, अंगणवाडीताई आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्या यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा काही भाग.)



आधी एक विचारते. घरातल्या फ्यूजची तार स्वतःच्या हातानं बदललेल्या इथं किती जणी आहेत? तीन हात वर आले. आणि मिक्सर, इस्त्री, बादलीत सोडायचा हीटर रोज कोण वापरतं? आता सगळ्यांचेच हात वर! म्हणजे वीज वापरायची आपण, आणि दिवा गेला की पुरुष माणूस घरी येईपर्यंत अंधारात बसायचंही आपणच.

याची सुरुवात शाळेत होते. माझ्याच वर्गातलं सांगते. चौथीचा वर्ग, एका गटात दोन मुलगे, दोन मुली. प्रत्येक गटाला सेल, बल्ब आणि वायर दिली आणि फळ्याकडे वळले. मागे पाहते तो प्रत्येक गटात वायर मुलग्यांच्या हातात आणि मुली वहीत आकृती काढतायत. आकृत्या सुबक होत्या, मी शाबासकीसुद्धा दिली. घरी गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. कुणी कुणाला ढकललं नव्हतं, मुली आपणहून मागे सरकल्या होत्या. "हात लावू नकोस, करंट बसेल" हे वाक्य त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या असतात. मुलग्याला तेच एकदा सांगतात आणि मग पान्हा हातात देतात. दुसऱ्या दिवसापासून मी गट मोडले. प्रत्येकीला स्वतःचा सेल, स्वतःची वायर. मग बघा काय होतं ते.

पहिल्यांदा बहुतेक सगळी मुलं एकच चूक करतात. सेलच्या टोपीपासून बल्बच्या बुडापर्यंत एकच वायर लावतात आणि वाट बघत बसतात. दिवा लागत नाही. त्यांचं काय चुकलं? नळाला एक पाइप पुरतो, तशी विजेलाही एक वायर पुरेल असं त्यांना वाटतं. तेव्हा लगेच उत्तर सांगू नका, हात शिवशिवतात तरी गप्प बसा. कुणीतरी मुलगी दुसरी वायर सेलच्या सपाट बुडाला लावते, तिचं दुसरं टोक बल्बच्या आट्यांना टेकवते, आणि दिवा लागतो. विजेला जायला वाट लागते तशी परतायलाही लागते. वाट पूर्ण झाली की परिपथ झाला, कुठंही तुटली की दिवा बंद. बटण म्हणजे ही वाट हवी तेव्हा तोडण्याची आणि जोडण्याची सोय, एवढंच.

मग पुढचा प्रश्न येतो, बल्बमध्ये वीज संपते का? नाही. सायकलची साखळी आठवा. पायानं रेटलेली साखळी मागचं चाक फिरवते, पण साखळी संपत नाही, फिरून परत येते. दमतो तो पाय. तसा इथं सेल उतरतो.

दिवाळीच्या जुन्या माळेतला एक बल्ब गेला की सगळी माळ विझायची, ती एकसर जोडणी. घरात स्वयंपाकघरातला दिवा गेला म्हणून पडवीतला जात नाही, कारण तिथं प्रत्येकाची वाट वेगळी, ती समांतर जोडणी. मुलींना दोन्ही करून बघू द्या.

आपण पाटण तालुक्यात बसलो आहोत. कोयनेचं पाणी इथून सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला जातं, सुमारे ४७५ मीटर खाली पडतं आणि पोफळीला चाकं फिरवतं. तिथली वीज १९६२ पासून राज्याला मिळते आहे. आज सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॅट. ज्या बायकांची घरं, चुली पाण्याखाली गेल्या, त्यांच्या लेकीसुनांनी मात्र पुढं कित्येक वर्षं चिमणीच्या उजेडात भाकऱ्या थापल्या. चुंबक आणि तारेचं वेटोळं एकमेकांपाशी हलवलं की तारेत वीज निर्माण होते, हे फॅरेडेनं १८३१ मध्ये शोधलं. पोफळीचं यंत्र त्याच तत्त्वावर चालतं. आपल्या याच जिल्ह्यात नायगावला सावित्रीबाई जन्मल्या तेही १८३१ सालीच. हा योगायोगच, पण वर्गात सांगितला की मुली ते साल विसरत नाहीत.

आता जिवावरची गोष्ट. एका मुलीनं मला विचारलं, "बाई, तारेवरच्या पाखराला करंट का बसत नाही?" उत्तर तिला येत होतं, फक्त जुळवायचं होतं. पाखराचे दोन्ही पाय एकाच तारेवर, परतीची वाट नाही. माणूस मात्र जमिनीवर उभा असतो आणि डीपीपाशी विजेची एक बाजू जमिनीत गाडलेली असते. म्हणजे जमीन हीच परतीची वाट, आणि वाट पूर्ण करणारा तुकडा आपलं अंग.

पावसाळ्यात आपल्याकडे कपडे पत्र्याच्या पडवीत वाळत घालतात. पत्र्यावरून जुनी वायर गेलेली, तिचं आवरण फाटलेलं, आणि कपड्यांची तार पत्र्याच्याच खिळ्याला बांधलेली. बाई ओलं लुगडं टाकायला जाते. वायरीतून पत्र्यात, पत्र्यातून तारेत, तारेतून हातात, अंगातून ओल्या जमिनीत. तिला ओढायला धावलेली सासू किंवा लेकही त्याच वाटेवर सापडते. पेपरात छापून येतं, 'दुर्दैवी अंत'. मला त्या शब्दाची चीड येते. यात दैव कुठं आलं? तार काढून तिथं नायलॉनची दोरी बांधा. कुणाला करंट बसला तर हातानं धरू नका, आधी मेन बटण पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या फळीवर उभं राहून कोरड्या लाकडानं बाजूला करा. बाहेर खांबावरची तार तुटून पडली असेल तर लाकूडही नको, लांबच थांबा आणि वायरमनला कळवा. तीन पायांच्या प्लगचा जाड पाय अर्थिंगचा असतो, तो मोडून दोन पायांचं काम भागवू नका.

भीती घालून हे समजत नाही. दीड व्होल्टच्या सेलवर समजतं, कारण त्यानं इजा होत नाही. घरातली वीज २३० व्होल्टची. तेव्हा सेलची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये घालायची नाही, हे मुलींकडून तीनदा म्हणवून घ्या. सेलची दोन टोकं नुसत्या वायरीनं जोडली तर वायर तापते, चटका बसतो. हेही आधी सांगा.

आता दोघी-दोघी बसा. प्रत्येक वाटीत दोन सेल, बल्ब आणि वायर आहे. बॅटरीचे बल्ब हल्ली मिळत नाहीत, म्हणून काही वाट्यांत पांढरे एलईडी आहेत. त्यांना दोन्ही सेल एकापुढे एक लावा आणि लांब पाय टोपीच्या बाजूला ठेवा, उलटा लावला तर लागणार नाही. सायकलच्या ट्यूबचे तुकडे सेल बांधायला आहेत. वायर सोलायला कात्र्या दोनच आहेत, त्या फिरवा.